घर उभे राहीपर्यंतची वीज



आजच्या विषयाचा आरंभ मी या मांडवापासूनच करतो. आपल्या डोक्यावर हे जे दिवे लटकत आहेत, ते चार दिवसांपूर्वी येथे नव्हते आणि व्याख्यानांचा आठवडा संपला की पुन्हा नसतील. मांडवामागच्या खांबावरून एक वायर खाली आणली आहे, ती एका पेटीत शिरली आहे आणि पेटीतून या दिव्यांकडे व माझ्यासमोरच्या ध्वनिक्षेपकाकडे आली आहे. याला तात्पुरता वीजपुरवठा म्हणतात. आपण येताना त्या वायरीकडे पाहिले नसेल. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवूनही मी स्वतः तिच्याकडे फार उशिरा पाहू लागलो, आणि तसे का झाले हे पुढे ओघाने येईलच.

तात्पुरता उजेड ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. मोखाड्याकडचा बोहाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. रात्रभर देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात. ही सोंगे पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात नाचत, मागाहून गॅसबत्त्या आल्या, आणि आता विजेचे दिवे आहेत. टेंभा धरणे हे मोठे जोखमीचे काम असे. परंतु टेंभ्याचा एक गुण होता. तो आपला धोका आपण होऊन सांगतो. त्याला धूर येतो, वास येतो, चटका बसण्यापूर्वी ऊब लागते. विजेच्या तारेला यांतले काहीच नाही. वाहती तार आणि बंद तार डोळ्यांना सारख्याच दिसतात. पिढ्यान् पिढ्या आगीशी सावधपणे वागत आलेल्या माणसाला त्या सावधपणाचा येथे काडीचा उपयोग होत नाही. मला आज बोलायचे आहे ते नव्या घराच्या विजेविषयी. आणि तेही घर पुरे झाल्यानंतरच्या विजेविषयी नव्हे, तर पाया खणल्यापासून उंबरठा बसेपर्यंत जी वीज त्या घराभोवती वावरते तिच्याविषयी.

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर घर बांधणे हे पूर्वी दिवसाउजेडी चालणारे काम होते. भाताची झोडणी आटोपली की रानात जाऊन कारवीच्या काठ्या आणायच्या, ऐनाच्या किंवा सागाच्या मेढी पुरायच्या, कारवीचा कूड उभा करायचा, त्याला माती आणि शेण यांचा गिलावा द्यायचा, आणि वर गवत शाकारायचे किंवा कौले चढवायची. पाड्यातली माणसे मदतीला येत. अंधार पडला की हत्यारे ठेवायची आणि चिमणी लावायची. मला त्या घरांचे गोडवे गायचे नाहीत. ती गळत, धुराने भरत, आणि एका ठिणगीने भस्म होत. कुऱ्हाड पायावर बसे, मेढ अंगावर येई. पण या कामातला प्रत्येक धोका त्या माणसांच्या ओळखीचा होता, आणि तो टाळण्याची रीत बापाने मुलाला हाताने दाखवलेली होती.

आता वीज कशी आली ते पाहू. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी पुढल्याच वर्षी बुडाली, म्हणजे तोही एक प्रकारे तात्पुरताच पुरवठा ठरला. त्याच १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात मोखाडा ही शहापूर तालुक्याखालची पेटा म्हणून नोंदलेली आहे. जव्हार मात्र मुकणे राजांचे संस्थान होते. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, १९१० साली हिंदुस्थानचा वीज कायदा झाला, १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज जाऊ लागली. गंमत पाहा, १९१०चा हा कायदा मोखाड्याला लागू होता, कारण मोखाडा ब्रिटिश मुलूख. आणि जव्हारला आपोआप लागू नव्हता, कारण ते संस्थान. मोखाड्यात कायदा होता, परंतु कायद्याने जिचे नियमन करायचे ती वीज कोसभर आसपास नव्हती. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा भेद मिटला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालचा वीजपुरवठा कायदा आला, १९५६ साली विजेचे सविस्तर नियम आले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००३ साली नवा वीज कायदा झाला, आणि २००५च्या जूनमध्ये या मंडळाचे विभाजन होऊन घरोघर वीज पोचविणारी महावितरण कंपनी निघाली. यांपैकी १९५६चे नियम लिहिणाऱ्या मंडळींविषयी मला आदर आहे. त्यांनी खूप पुढचे पाहिले होते. घरावरून जाणारी साधी तार छपरापासून किमान अडीच मीटर उंच असावी आणि बाजूने जाणारी १.२ मीटर, म्हणजे चार फूट, लांब असावी. ११ हजार व्होल्टची असेल तर वरचे अंतर ३.७ मीटर असावे. तारेखाली किंवा तारेशेजारी नवे बांधकाम करताना ही अंतरे मोडणार असतील, मग ते काम कायमचे असो वा तात्पुरते, तर आधी लेखी कळवावे. आणि दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडल्यास वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. इतके सारे त्यांत होते. मात्र हे चार फूट उभ्या भिंतीचा विचार करून ठरवलेले आहेत. ज्या काळी हे लिहिले गेले त्या काळी खेड्यातल्या घराला लोखंडी सळई लागत नव्हती. आज लागते. बाजारात मिळणारी सळई साधारण १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट लांब असते. ती खांबाच्या साच्यात उतरवण्यासाठी दोघांनी उभी केली आणि ती किंचित कलली, तर चार फुटांचा हिशेब कोठे राहतो?

वीज पोचली किंवा नाही हे मोजण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. १९९७ सालापर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकरण झालेले मानले जाई. एका विहिरीवर एक पंप सुरू झाला की कागदावर सारे गाव उजळले. १९९७ साली सुधारणा झाली, आणि वीज प्रत्यक्ष वस्तीत वापरली गेली पाहिजे असे ठरले. २००४ साली आणखी एक पायरी आली. शाळा, पंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक जागी वीज हवी आणि शंभरातल्या निदान दहा घरांत हवी. आपल्याकडे एकेक गाव दहा-दहा पाड्यांत विखुरलेले, मध्ये ओहोळ आणि टेकड्या. गावठाणात खांब उभा राहिला की डोंगरापलीकडचा पाडाही हिशेबात प्रकाशमान होई. पुढे २०१७ साली सौभाग्य योजनेने घर हे माप धरले, आणि मीटर घरापर्यंत जाऊ लागले. हे मोठेच काम झाले, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण क्रम पाहा. प्रथम गाव मोजले, मग वस्ती मोजली, मग घर मोजले. जे घर अजून घर झालेले नाही, ज्याला अजून दार नाही आणि घरक्रमांक नाही, परंतु ज्यात विजेची तार आलेली आहे आणि माणसे वावरत आहेत, ते यांपैकी कोणत्याच मोजणीत बसले नाही.

येथे विजेची टंचाई होती म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून निराळा झालेला आपला पालघर जिल्हा हा वीज निर्माण करणारा जिल्हा आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ सालचे, डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५चे. असो.

आता आजच्या घराकडे येऊ. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली, २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली, आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आली, आणि २०२३च्या नोव्हेंबरपासून कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी जनमन योजनेत घरामागे दोन लाख रुपये देण्याचे ठरले. लोकांच्या तोंडी या सर्वांना मिळून एकच शब्द आहे, घरकुल. निदान २५ चौरस मीटरचे, विटा-सिमेंटचे घर. २०१६च्या योजनेत मैदानी भागासाठी १ लाख २० हजारांचे आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजारांचे साहाय्य ठरले होते. ही रक्कम एकदम मिळत नाही, काम जसजसे वर येईल तसतशी हप्त्यांनी मिळते. जोत्याची पाहणी झाली की एक हप्ता, भिंती वर आल्या की दुसरा. हप्ता लांबला की काम थांबते. आपल्या डोंगरावर दिवाळीपासून वैशाखापर्यंतच बांधकाम होऊ शकते. त्यात मोखाड्याच्या बाजूला उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते, टँकर येतो, तेथे सिमेंटवर मारायला पाणी कोठून आणायचे! त्यामुळे एका हंगामात पुरे व्हावे असे घर दोन हंगाम घेते, आणि मध्ये अडीच-तीन हजार मिलिमीटरांचा पाऊस कोसळून जातो.

या घराला बांधताना वीज लागते. सळई कापण्याचे यंत्र, काँक्रीट दाबण्याचा व्हायब्रेटर, टाकीतून पाणी चढवणारा पंप, आणि संध्याकाळी काम पुरे करायला दिवा. कायद्याप्रमाणे यासाठी तात्पुरती जोडणी घ्यावी. तिला अर्ज हवा, अनामत हवी, परवानाधारकाचा तपासणी-दाखला हवा, आणि तिचा दर घरगुती दरापेक्षा चढा. घरकुलाच्या रकमेत बांधकामाच्या विजेसाठी निराळा आकडा मांडलेला नसतो. मग कोणी तारेवर आकडा टाकतो. हा शब्दांचा खेळ मला सुचला त्या दिवशी हसू आले होते, नंतर आले नाही. आकडा टाकणे हा २००३च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणून बहुतेक लोक तसे करीत नाहीत. ते शेजारच्या घरातून, किंवा स्वतःच्या जुन्या घरातून, एक वायर ओढतात.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेल्या वर्षी मी अशी वायर पाहिली. जुने कुडाचे घर अंगणाच्या एका बाजूला. त्याच्या मेढीवर मीटर. नवे घरकुल दुसऱ्या बाजूला, भिंती छताच्या उंचीपर्यंत आलेल्या. मीटरपासून निघालेली वायर जांभळीच्या फांदीवरून गेली होती, तेथून एका बांबूला वेढे घेऊन नव्या घरात उतरली होती. तीन ठिकाणी जोड होते. एक जोड चिकटपट्टीचा, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळलेला, तिसरा उघडा. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडीत होती.

मी विचारले, "आजी, ही वायर कधीपासून आहे?"

"मागल्या होळीपासून."

"मग पावसाळ्यात काय केलेत?"

"पावसात पोरांना तिच्या खालून जाऊ दिलं नाही, गुरुजी. आम्ही पलीकडून जायचो."

तिने मला अंगणातली पायवाट दाखवली. वायरीला वळसा घालून गेलेली, पायांनी नीट मळलेली. सुरक्षिततेचा जो काही नियम त्या घराला ठाऊक होता, तो त्या पायवाटेत होता.

यावर हसण्याचा अधिकार निदान मला नाही. १९९०च्या सुमारास जव्हारला मी माझे स्वतःचे घर बांधले. दोन खोल्या, वर स्लॅब. मे महिना होता. स्लॅबवर पाणी मारण्यासाठी हौदाजवळ एक लहान विद्युत पंप ठेवला होता. वायरिंग करणाऱ्याने एक लोखंडी गज जमिनीत ठोकला, पंपाची हिरवी तार त्याला बांधली आणि मला म्हणाला, "अर्थिंग झालं, सर." मी समाधानाने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी दुपारी, मोखाड्याकडून कामाला आलेला एक विशीतला मुलगा ओल्या पायांनी पंप सरकवायला वाकला आणि त्याला चिकटून राहिला. ओरडलाही नाही. गवंड्याने परांचीचा कोरडा बांबू मारून वायर तोडली म्हणून तो वाचला. तळहाताला मोठा भाजल्याचा व्रण पडला. आम्ही त्याला डॉक्टरकडे नेले, दोन दिवसांची मजुरी दिली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा स्लॅबवर पाणी मारू लागलो. तो मुलगा नंतर कामावर आला नाही. मी त्याच्या गावी जाऊन चौकशी केली नाही, हे मी येथे कबूल करतो.

मला छळणारा प्रश्न निराळाच होता. फ्यूज का उडाला नाही? आणि त्या सालीही मी नववीच्या वर्गात ओहमचा नियम फळ्यावर लिहीत होतो.

उत्तर साधे आहे, आणि आपणांपैकी जे घर बांधीत आहेत त्यांनी ते कृपा करून नीट ऐकावे. पंपाच्या आत तारेवरचे वेष्टण खराब झाले आणि तार लोखंडी अंगाला लागली, म्हणजे सारा पंप २३० व्होल्टला आला. आता ही वीज हिरव्या तारेने गजात, गजातून जमिनीत जाऊ पाहते. जमीन चांगली ओली असेल आणि गज खोल असेल, तर वाटेत विरोध थोडा, प्रवाह जोरात, आणि फ्यूज तत्काळ वितळतो. परंतु आपले पठार म्हणजे हातभर मुरूम आणि खाली काळा कातळ. मे महिन्यात त्यात ओलावा नाही. अशा जमिनीत ठोकलेल्या गजाचा विरोध ५० ओहम सहज असतो, पुष्कळदा त्याहून जास्त. २३० ला ५०ने भागा. साडेचार अँपिअरांच्या जवळपास येते. आमचा फ्यूज १५ अँपिअरचा, त्यातही कामगारांच्या सोयीसाठी तार दुहेरी पिळून घातलेली. साडेचार अँपिअरांची त्याला दादही नव्हती. म्हणजे वीज जमिनीत गळत होती, फ्यूज शांत होता, आणि पंप सबंध दिवस जिवंत होता. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध एक हजार ओहम धरला, तरी त्याच्यातून जवळजवळ पाव अँपिअर जातो. माणूस मरायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. फ्यूज हा तारेचा रक्षक आहे. माणसासाठी तो केलेलाच नाही, हे मी तोवर कोणत्याही वर्गात सांगितले नव्हते.

माणसाला किती वीज सोसते याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने केला. स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन, प्रवाह हळूहळू वाढवीत, कोणत्या क्षणी मूठ सुटेनाशी होते हे त्याने मोजले. पुरुषांत सरासरीने सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि माणूस तारेला धरून राहतो. लोक म्हणतात, विजेने ओढून घेतले. ओढत कोणी नाही, आपलीच मूठ उघडत नाही. माझ्या पंपाशी वाकलेला मुलगा का ओरडला नाही हे मला यातून कळले. डॅल्झिएलने १९६१ साली असे एक उपकरण पुढे आणले, जे जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते. जितका गेला तितका परत आला नाही, म्हणजे तो कोठेतरी, बहुधा कोणाच्या तरी देहातून, जमिनीत जात आहे. तसे दिसले की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. जमीन कातळाची आहे की चिखलाची, हे त्याला फारसे पाहावे लागत नाही. १९७०नंतरच्या दशकात अमेरिकेत बांधकामाच्या जागी ते सक्तीचे झाले. इंग्लंडने दुसरी वाट धरली. बांधकामावरच्या हत्यारांना ११० व्होल्टचा निराळा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचा मध्यबिंदू जमिनीला जोडलेला, म्हणजे कोणाला झटका बसलाच तर तो ५५ व्होल्टचा. दोन्ही देशांनी एक गोष्ट मानली होती. बांधकाम चालू असलेले घर हे पुऱ्या घराहून अधिक धोक्याचे आहे, म्हणून त्याला अधिक कडक नियम हवा.

आपल्याकडे २०१०च्या केंद्रीय विनियमांत घरगुती जोडणीसाठी या उपकरणाची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवली गेली. मात्र अगदी लहान भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. कुडाच्या घरातला एक दिवा, एक पंखा असलेला मीटर हा अर्थातच लहान भाराचा. आणि त्याच मीटरवरून जांभळीच्या फांदीवरची ती वायर निघते.

श्रोतेहो, आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून माणसे कुटुंबासह बाहेर पडतात. वसई, विरार, भिवंडी, कल्याण, ठाणे. कोणी वीटभट्टीवर जातो, पुष्कळसे बांधकामावर जातात. तेथे इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. त्या झोपड्यांना बांधकामाच्याच तात्पुरत्या जोडणीवरून एकेक दिवा मिळतो. वायर पत्र्याच्या कडेवरून आत येते. वाऱ्याने पत्रा हलतो, कड वायरीला घासते, आणि एके दिवशी सारी झोपडी जिवंत होते. पत्र्याला लोखंडी तार बांधून तीवर कपडे वाळत घातलेले असतात. ओले लुगडे टाकायला गेलेली बाई तारेला हात लावते. अशा बातम्या आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत वाचतो. मुंबईच्या भोवतालची उपनगरे ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांत आपल्या पठारावरचे हात फार आहेत, आणि ते हात वर्षातले सहा-सहा महिने तात्पुरत्या विजेखाली राहिले आहेत.

या माणसांसाठी १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम झाले, आणि २०११ साली महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. जिवंत तारेपासून कामगाराचे रक्षण करण्याची जबाबदारी मालकावर आली. कायदा चांगला होता. पण त्याच्या व्याख्या वाचताना मी थबकलो. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथेच तो लागू होता. आणि स्वतःच्या राहत्या घराचे काम काढलेला, दहा लाखांपेक्षा अधिक खर्च नसलेला माणूस त्यातून वगळलेला होता. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. वगळण्यामागे हेतू वाईट नव्हता. गरिबाला घर बांधताना सरकारी तपासनीसाचा जाच नको, असा विचार असणार. परिणाम मात्र असा झाला. पाड्यावरचा एक माणूस विरारला घमेले वाहतो, तेथे कायदा त्याला कामगार म्हणतो आणि त्याच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी टाकतो. तोच माणूस होळीला घरी येतो, स्वतःच्या घरकुलाच्या भिंतीवर चढतो, तीच वायर हातात धरतो, आणि येथे तो कामगारही नाही आणि मालक म्हणावे तर त्याच्या हाती दुसरा हप्ताही आलेला नाही. विजेचे नियम त्यालाही लागू आहेत, नाहीत असे नाही. पण ते त्याच्या पाड्यापर्यंत घेऊन जाणारे कोणी नाही. घरकुलाचे काम पाहायला अभियंता येतो, तो जोते मोजतो, भिंत मोजतो, फोटो काढतो. जांभळीच्या फांदीकडे पाहणे हे त्याच्या कामात लिहिलेले नाही.

मी एका तरुण अभियंत्याला हे विचारले. तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "गुरुजी, माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही." एक रकाना वाढवायला किती खर्च येईल, असे मी त्याला विचारले नाही, तो त्याच्या हातचा नव्हता. परंतु ग्रामपंचायतीच्या हातचे काही आहे. गावात बोहाड्यासाठी, लग्नासाठी, मांडवासाठी मंडळी वर्गणी काढून सामान ठेवतात, भांडी ठेवतात, सतरंज्या ठेवतात. त्याच कोठीत एक पेटी ठेवता येईल. आत ३० मिलिअँपिअरचे ते उपकरण, एक मुख्य स्विच, दोन प्लग, आणि वीस मीटर चांगली, जोड नसलेली, जाड रबरी वेष्टणाची केबल. ज्याचे घर चालू असेल त्याने न्यावी, काम झाले की परत करावी, दुसऱ्याने न्यावी. परवानाधारक वायरमनने ती एकदा नीट बांधून द्यावी आणि पावसाळ्यापूर्वी तपासावी. पेटीने चोरीची वीज कायदेशीर होणार नाही, जोडणी रीतसर घ्यावीच लागेल. आणि उघड्या तारेला सळई लागली तर पेटी काही करू शकणार नाही, तेथे अंतर हाच उपाय. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाही तर उद्या कोणी पेटीवर सगळा भार टाकून निश्चिंत होईल.

अशी एक पेटी यंदा मी करवून घेतली आणि त्या आजीच्या पाड्यावर दिली. तिच्या नातवाने पहिल्याच दिवशी तपासणीची कळ दाबून साऱ्या पाड्यासमोर दिवा दहा वेळा घालवला. अकराव्या वेळी आजी त्याला ओरडली.

दुसरी पेटी या मांडवामागे आहे. आपल्यावरचे दिवे तिच्यातूनच आले आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी मागच्या बाजूने यावे. जमीन ओली आहे, चपला घालून यावे. कळ दाबून दाखवताना मांडवात क्षणभर अंधार होईल, तेव्हा लहान मुलांना जवळ घेऊन बसावे.